राणीछाप रुपयाची प्रतवारी ठरवतं कोण? जुनी नाणी विकण्याआधी एवढं वाचाच

सोलापूर : दिवाळी सरली की आपल्या भागात दोन गोष्टी हमखास होतात. लक्ष्मीपूजनाला पेटीतून बाहेर काढलेले चांदीचे रुपये परत फडक्यात गुंडाळून ठेवले जातात. आणि पारावर कुणीतरी मोबाईलवरचा व्हिडिओ पुढं करून विचारतो, "हे नाणं लाखाला जातंय म्हणं, खरं काय?"

बातमीच्या निमित्तानं मोहोळ, माढा, बार्शी, सांगोला अशा तालुक्यांत फिरताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला गेलाय. यात दोन प्रकारची माणसं बुडतात. एक, जो व्हिडिओवर विश्वास ठेवून आगाऊ पैसे भरतो. दुसरा, जो खरोखर चांगलं नाणं चांदीच्या वजनावर मोडून येतो. या दोघांच्या मधे एक गोष्ट आहे, तिला नाण्याच्या धंद्यात ग्रेडिंग म्हणतात. आपल्या बाजार समितीच्या भाषेत प्रतवारी. ती कशी चालते, त्यात घोळ कुठं आहे आणि आपल्यासारख्यानं काय सांभाळायचं, ते आज बघू.

आधी चांदीचा हिशोब

आपल्या घरात सापडतो तो बहुतेक राणीछाप नाहीतर राजाछाप रुपया. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे एका रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी बसते. त्या दिवसाच्या चांदीच्या भावानं याला गुणलं की नाण्याची तळाची किंमत कळते. यापेक्षा कमी कुणी देत असेल तर सरळ उठून यायचं. झिजलेल्या रुपयाचं वजन थोडं कमी भरतं, तेवढी वजावट मात्र रास्त आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९४० पासूनच्या राजाछाप रुपयात चांदी निम्म्यावर आणली गेली. आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे, त्यात चांदी अजिबात नाही. साधं लोहचुंबक लावून बघा, निकेलचा रुपया चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. बऱ्याच घरांत हे तीनही प्रकार एकाच पुरचुंडीत असतात, आणि विकायला नेल्यावर 'सगळी चांदीच' समजून वाद होतो.

चांदीच्या वर जी किंमत मिळते ती दोन गोष्टींवर. नाणं किती दुर्मिळ आहे, आणि ते कोणत्या अवस्थेत आहे.

दुर्मिळ म्हणजे जुनं, असं नव्हे. १८६२ साल असलेला राणीछाप रुपया आपल्याकडं भरपूर सापडतो, कारण टाकसाळीनं ते साल पुढं बरीच वर्षं नाण्यावर तसंच ठेवलं. उलट १९३९ चा रुपया त्याच्यापेक्षा सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी नवा, पण फार कमी सापडतो आणि त्याला चांगली मागणी असते. मागणी असते म्हणूनच १९३९ चे बनावट रुपयेही फिरतात, साल खरवडून बदललेलेसुद्धा. तेव्हा असा रुपया हाती आला तर हुरळून जाण्याआधी जाणकाराला दाखवावा.

एक नंबर, दोन नंबर नव्हे, सत्तर नंबर

आता अवस्थेचं. कांद्यात आपण एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, चिंगळी असे चार-पाच प्रकार करतो. नाण्याच्या धंद्यात हे प्रकार १ ते ७० पर्यंत जातात. १ म्हणजे नाणं कोणतं एवढंच जेमतेम ओळखू येतं. ७० म्हणजे भिंगातून बघितलं तरी ओरखडा नाही.

हा सत्तरचा आकडा आला कुठून? अमेरिकेत विल्यम शेल्डन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांना तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांचा नाद. १९४९ साली त्यांनी त्या नाण्यांवर पुस्तक काढलं आणि त्यात ही पट्टी मांडली. हिशोब असा होता की, अगदी झिजलेलं नाणं १ डॉलरचं असेल तर त्याच प्रकारचं उत्तम नाणं ७० डॉलरचं. बाजार बदलला, तो हिशोब थोड्याच वर्षांत मोडीत निघाला, पण सत्तरचा आकडा तसाच राहिला आणि पुढं सगळ्या नाण्यांना लागू झाला. गंमत म्हणजे याच शेल्डननी न्यूयॉर्कच्या एका नामांकित नाणेसंस्थेच्या संग्रहातली चांगली नाणी काढून त्या जागी स्वतःची हलकी नाणी ठेवल्याचं पुढं उघड झालं. त्यावरून तिथं कोर्टकचेरीही झाली. पट्टी ज्यानं दिली त्याचं हे असं.

१९८६ मध्ये अमेरिकेत पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांचं काम सुरू झालं. यांच्याकडं नाणं पाठवायचं, फी भरायची. त्यांचे तपासनीस नाणं खरं का खोटं ते बघतात, नंबर देतात आणि प्लास्टिकच्या कडक डबीत सीलबंद करून परत पाठवतात. आज मोठ्या लिलावात अशी डबीबंद भारतीय नाणीही दिसतात. बनावट नाणी बाजूला काढण्याचं काम या कंपन्यांमुळं बरंच सोपं झालं, हे मान्य केलं पाहिजे.

'गुड' म्हणजे चांगलं नव्हे

नंबराबरोबर शब्दही असतात, आणि खेड्यातला माणूस पहिल्यांदा फसतो तो इथं. या धंद्यात 'गुड' म्हणजे ४ ते ६ नंबर. चेहऱ्याची नुसती बाह्यरेषा उरलीय, आतलं सगळं सपाट, अशा नाण्याला गुड म्हणतात. 'व्हेरी गुड' ८ ते १०. 'फाइन' १२ ते १५. 'व्हेरी फाइन' म्हणजे व्हीएफ, २० ते ३५. 'एक्स्ट्रीमली फाइन' ४० ते ४५. त्याच्या वर ५० ते ५८ हे जवळजवळ न वापरलेलं. आणि ६० ते ७० म्हणजे टाकसाळीतून निघाल्यावर बाजारात हाताळलंच न गेलेलं.

म्हणजे व्यापारी "तुमचं नाणं गुड आहे" म्हणाला तर खूश व्हायचं कारण नाही. त्याच्या भाषेत ते चिंगळीत गेलं.

राणीछाप रुपया स्वतः बघायचा असेल तर उजेडात तिरपा धरा. सगळ्यात आधी झिजतात त्या उंच जागा. राणीचा गाल, कानाजवळचे केस, मुकुटावरची नक्षी, खांद्यावरच्या वस्त्राची वेलबुट्टी. केसांची बट न् बट वेगळी दिसत असेल तर नाणं वरच्या प्रतीचं. सगळं एकजीव सपाट झालं असेल तर खालच्या.

फॅट मशीन नाही, नुसता डोळा

दूध डेअरीला घातलं की फॅट आणि एसएनएफ मशीनवर दिसतं. मशीनवर शंका असेल तर दुसऱ्या मशीनवर लावून बघता येतं. नाण्याला असं मशीन नाही. वजन मोजता येतं, धातू तपासता येतो, पण झीज किती आणि चमक किती हे शेवटी माणसाचा डोळाच ठरवतो. नाण्याच्या प्रतवारीवरच्या सगळ्या तक्रारी इथून सुरू होतात.

आमच्याच घरातला १८९० चा एक रुपया मी एकाच दिवशी दोन व्यापाऱ्यांना दाखवला. पहिला म्हणाला, "घासलेला आहे, चांदीचाच भाव मिळेल." दुसऱ्यानं भिंग लावलं, "व्हीएफ आहे" म्हणाला आणि चांदीच्या वर थोडे पैसे बोलला. रुपया तोच, दिवस तोच. फरक एवढाच की माणूस बदलला, आणि दोन्हीकडं प्रत ठरवणारा आणि घेणारा एकच होता. कांद्याच्या लिलावात खरेदीदारानं मूठभर कांदा उचलून "दोन नंबर" म्हटलं की जे वाटतं, तेच इथं वाटलं. रुपया विकला नाही, ते सोडा.

मोठ्या कंपन्यांत एकाहून जास्त तपासनीस नाणं बघतात, तरी हा घोळ पूर्ण सुटलेला नाही. डबी फोडून तेच नाणं परत पाठवायचं आणि या खेपेला नंबर वाढून मिळतो का बघायचं, हा तिथल्या व्यापाऱ्यांचा जुना उद्योग आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९० मध्ये पीसीजीएसच्या जाहिरातींवर कारवाई केली होती. प्रतवारी एकसारखी आणि पक्की असल्याचे दावे वाढवून केले जातात, असा त्यात मुद्दा होता. कंपनीनं तडजोड करून जाहिरातीत खुलासा द्यायचं मान्य केलं.

एका नंबरानं एवढं काय बिघडतं? खालच्या प्रतीत फारसं काही नाही. २० आणि २५ नंबरात किरकोळ फरक असतो. पण वरच्या प्रतीत, ६० च्या पुढं, एका नंबरानं किंमत कित्येक पटीत हलू शकते. भांडणं होतात ती तिथं. आपल्या पेटीतले रुपये चार पिढ्या हाताळलेले असतात, ते बहुतेक व्हीएफ किंवा त्याच्या खालीच बसतात. अशा साध्या रुपयासाठी फी भरून नंबर घेणं म्हणजे चिंगळी कांद्याला एसी गाडी लावण्यासारखं.

शिवराईला ही पट्टी बसत नाही

सत्तरची पट्टी बनली मशीनवर छापलेल्या, सगळ्या एकसारख्या नाण्यांसाठी. आपल्याकडची शिवराई हातानं पाडलेली. १६७४ च्या राज्याभिषेकापासून रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावानं तांब्याची शिवराई निघाली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढं पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या आणि इंग्रजी अंमल आल्यावरही गावोगाव चालल्या. म्हणून त्या आपल्या शिवारात आजही सापडतात.

हातकामात ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असायची. घाव मधोमध बसला नाही की अर्धी अक्षरं चकतीच्या बाहेर. म्हणजे नाणं टाकसाळीतून निघालं त्याच दिवशी त्यावर 'श्री राजा' एवढंच होतं, 'शिव' आलंच नाही. याला झीज म्हणायचं काय? अमेरिकन पट्टीवर मोजणारा गोंधळतो. शिवराईचा जाणकार मात्र वेगळं बघतो. अक्षरं किती पूर्ण आलीत, अक्षरांचं वळण आणि शब्द लिहायची पद्धत कोणती, नाण्याचं वजन किती. साध्या, सरसकट सापडणाऱ्या उत्तरकाळच्या शिवरायांना फार मोठी किंमत नसते. सुरुवातीच्या काळातली, पूर्ण अक्षरांची शिवराई असेल तर तिचा भाव वेगळा. हा फरक नंबर सांगत नाही, त्यासाठी नाणं वाचता येणारा माणूस लागतो.

लख्ख घासलं की भाव उतरला

आता आपल्या घरातली गोष्ट. लक्ष्मीपूजनाला रुपये दुधा-दह्यानं धुतो, चिंच-लिंबू लावतो, राख नाहीतर पितांबरीनं घासतो. माउली मनापासून करते, श्रद्धेनं करते. पण नाण्याच्या बाजारात घासलेलं नाणं खालच्या रांगेत जातं. चांदीवर वर्षानुवर्षांनी जो करडा-काळपट थर येतो तो घाण नसते, तो नाण्याचा अस्सलपणा दाखवतो. घासल्यावर तो जातो आणि भिंगाखाली बारीक रेघा दिसतात. मोठ्या कंपन्या अशा नाण्याला साधा नंबर देत नाहीत. 'साफ केलेलं' असा शेरा मारतात, आणि शेऱ्याचं नाणं तसल्याच बिनशेऱ्याच्या नाण्यापेक्षा स्वस्तात जातं.

कडी लावलेल्या रुपयांचंही तेच. आपल्याकडच्या लमाण तांड्यांवरच्या आज्यांच्या अंगावर रुपयांच्या माळा असायच्या, अजूनही काहींच्या आहेत. कडी काढून टाकली तरी डागाची खूण राहते आणि शेरा बसतो. माझं मत विचाराल तर अशी माळ मोडूच नये. सुट्या रुपयांचे जे पैसे येतील त्यापेक्षा ती माळ आहे तशी मोलाची आहे.

पूजेसाठी दोन रुपये वेगळे काढा, ते खुशाल धुवा. बाकीचे नुसत्या सुती फडक्यात किंवा कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवा.

परदेशात पाठवता येत नाही, ध्यानात ठेवा

"मग अमेरिकेला पाठवून नंबरच आणू" असं कुणी म्हणालं तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते. सरकार किंवा सरकारनं नेमलेली यंत्रणा सोडून दुसऱ्या कुणाला ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. कुरिअरनं पाठवली तरी गुन्हाच. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे सगळे राणीछाप रुपये आणि सगळ्या शिवराया यात आल्या. देशातल्या देशात अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्यालाही परवाना लागतो.

आता अडचण बघा. जगाच्या बाजारात डबीबंद नंबराला मान, आणि आपलं जुनं नाणं कायद्यानं बाहेर जाऊ शकत नाही. कायदा चुकीचा नाही, देशाचा ठेवा देशात राहावा म्हणूनच तो आहे. पण त्यामुळं खेड्यातल्या माणसाला व्यापाऱ्याच्या डोळ्याशिवाय दुसरा काटा उरत नाही. बाजार समितीत निदान वजनकाटा तपासायला माणूस येतो. जुन्या नाण्याची प्रत तटस्थपणे सांगेल अशी सोय तालुक्याच्या ठिकाणी नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून एखादा दिवस जाणकार बसवून नाणी ओळखून दिली, तरी कितीतरी घरांचं नुकसान टळेल.

लाखाचा व्हिडिओ आणि १९३० नंबर

वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ मध्ये निघाली. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट तर आपण सगळ्यांनीच वापरलीय. ही लाखो रुपयांना जातात, असे व्हिडिओ फिरतात. ही साधी, भरपूर काढलेली नाणी आणि नोटा आहेत. दुकानात त्यांचे पाचाचे पाच आणि दहाचे दहाच येतात. सालाखाली हिरा असला की मुंबई, तारा असला की हैदराबाद, गोल ठिपका असला की नोएडा आणि काहीच खूण नसली की कोलकाता, एवढाच त्या खुणांचा अर्थ. हिरा दिसला म्हणून नाणं दुर्मिळ होत नाही.

फसवणुकीची रीत ठरलेली. तुम्ही नाण्याचा फोटो टाकता, फोन येतो, "पाच लाखाला घेतो, आधी नोंदणी फी भरा". मग जीएसटी, मग कमिशन, मग रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचा कागद. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर निवेदन काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, बँक त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार कुणाला दिलेला नाही. खरा गिऱ्हाईक विकणाऱ्याला पैसे देतो, विकणाऱ्याकडून घेत नाही. पैसे गेलेच असतील तर लाज न धरता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकं अवघड.

नांगराला लागलेलं नाणं घरचं नसतं

शेततळं खोदताना, जुना वाडा पाडताना मडक्यात नाणी निघाली तर त्याचा कायदा वेगळा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. कळवलं आणि चौकशीत कुणी मालक निघाला नाही, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जागामालकाला एक हिस्सा अशी वाटणी आहे, दोघांत दुसरा करार नसेल तर.

पण सरकारनं तो ठेवा स्वतःकडं घ्यायचं ठरवलं, तर मोबदला काय? नाण्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. प्रत, दुर्मिळता, इतिहास यांचा त्यात हिशोब नाही. तांब्याच्या शिवराईला तांब्याचा भाव. माणसं ठेवा दडवतात, रातोरात सोनाराकडं वितळवतात, त्याचं हे मोठं कारण आहे. मडकं फुटलं की नाणी जातात, आणि आपल्या गावाचा इतिहासही वितळतो. रास्त मोबदला मिळाला तर लोक स्वतःहून कळवतील.

विकायचंच असेल तर

घरची, वारसाहक्कानं आलेली नाणी विकायची वेळ आली तर एवढं करा :

१. घासू नका, पॉलिश करू नका.
२. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. सोनाराच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा.
३. त्या दिवसाच्या चांदीच्या भावानं तळाची किंमत काढा आणि मगच घराबाहेर पडा.
४. निदान तीन ठिकाणी दाखवा. प्रत काय आणि ती का, हे विचारा. चांगला व्यापारी भिंग तुमच्या हातात देऊन झीज दाखवतो.
५. सगळी पुरचुंडी एकदम ढिगानं देऊ नका. ढिगात चांगला रुपया साध्याच्या भावात जातो.
६. नाणं ठेवून जायला सांगितलं तर पावती घ्या, पावतीवर साल आणि वजन लिहून घ्या. परत मिळालेलं नाणं फोटोशी जुळवून बघा.
७. आगाऊ एक रुपयाही कुणाला भरू नका.

ज्यांना यात गोडी लागली असेल त्यांनी नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय एकदा बघावं. पोरांनाही दाखवावं. शिवराईवरची तीन ओळींची अक्षरं वाचता आली की व्यापाऱ्यानं सांगितलेली प्रत मुकाट्यानं ऐकून घ्यायची वेळ येत नाही. कांद्याची प्रत आपल्याला कळते म्हणून लिलावात निदान बोलता तरी येतं. नाण्याचंही तेवढं शिकून घेतलं तर पेटीतला रुपया योग्य भावाला जाईल, नाहीतर पेटीतच मानानं राहील.